आधी पाया, मग प्रयोग?

गेल्या महिन्यात बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका मित्राच्या घरी आम्ही सातआठ जण जमलो होतो. निम्मे निवृत्त इंजिनिअर, दोघे-तिघे शिकवणारे, आणि नातीच्या अ‍ॅडमिशनच्या काळजीत असलेले एक आजोबा. विषय निघाला तो असा: विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीच्या मुलांना, त्यातही सौर-पवन ऊर्जा शिकणाऱ्यांना, संशोधन करायला लावावं की नाही? दोन तासांत तीनदा चहा झाला, आवाज चढले आणि जो तो आपलंच म्हणणं घेऊन घरी गेला. एका पक्षाचं म्हणणं, जग कुठल्या कुठे गेलं, आता प्रत्येक मुलाच्या नावावर पदवीआधी एक तरी शोधनिबंध हवा. दुसऱ्याचं म्हणणं, ज्यांना ओहमचा नियम धड सांगता येत नाही त्यांनी कसलं डोंबलाचं संशोधन करायचं, आधी पाया पक्का करा. दोन्ही बाजूंना टाळ्या मिळाल्या. वीस वर्षांच्या मुलानं संशोधन करायचं म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

माझं मत सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते ठरवायला बरं. संशोधन करायला लावावंच, आणि शेवटच्या वर्षाची वाट न पाहता दुसऱ्या वर्षापासून. ते हातानं करायचं, मोजमापाचं असावं आणि आपल्याच गावातल्या प्रश्नावर असावं. शोधनिबंध मात्र त्यांच्याकडून मागू नये. माझ्या हातात असतं तर रीडिंगची एक वही पूर्ण भरेपर्यंत मी निबंधावर बंदीच घातली असती.

हे मी कुठल्या अधिकारानं बोलतो? तीस वर्षं मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात ट्रान्स्फॉर्मर तपासले. निवृत्तीनंतर काही वर्षं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून जात होतो. त्या व्हायवांनी मला जेवढं शिकवलं तेवढं नोकरीनं नाही. सूर्याच्या मागे मान वळवणारं सौर पॅनल हा प्रोजेक्ट मी एकाच कॉलेजात लागोपाठ तीन वर्षं पाहिला. तीच पाटी, तीच मोटार, तोच रिपोर्ट. तिसऱ्या वर्षी तर पानाच्या डोक्यावर भलत्याच गावातल्या कॉलेजचं नाव तसंच राहून गेलं होतं. मी मुलाला विचारलं, पॅनल किती वॅटचं? तो म्हणाला, ‘सर, बारा व्होल्टचं.’ मी शक्ती विचारली, त्यानं विजेचा दाब सांगितला. हसू नका. त्या मुलाला चांगले मार्क मिळाले, आणि त्याच्यावर सही करणाऱ्यांत मीही होतो. प्रोजेक्ट तयार मिळणाऱ्या दुकानांचे पत्ते सगळ्यांना ठाऊक असतात. मुलांना, सरांना आणि पैसे देणाऱ्या बापालाही. तेव्हा ‘संशोधन हवं’ म्हणणाऱ्या पक्षानं आधी हे कबूल करावं की सक्तीच्या संशोधनाचं आजवरचं पीक बहुतांशी हे असंच आहे.

म्हणूनच ‘आधी पाया’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला पोकळ वाटत नाही. क्लॅम्प मीटरचा, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायच्या यंत्राचा, जबडा दोन्ही तारांवर एकत्र अडकवून ‘सर, करंट शून्य येतोय’ म्हणणारा अंतिम वर्षाचा विद्यार्थी मी पाहिला आहे. जाणारा करंट आणि येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात एवढंही ज्याला सुचत नाही, त्याच्या हाती संशोधन देणं धाडसाचंच. पण मग पाया घालायची आपली सध्याची पद्धत काय आहे ते तरी पाहू. प्रॅक्टिकलच्या वहीत, म्हणजे ज्याला मुलं जर्नल म्हणतात त्यात, ट्रान्स्फॉर्मरच्या ओपन सर्किट टेस्टचं उत्तर वर्षानुवर्षं तेच आहे. मागच्या बॅचची वही शेजारी उघडी असते. आधी ग्राफ काढला जातो, मग ग्राफवर बसतील अशी रीडिंग लिहिली जातात. एखाद्या मुलानं खरंखुरं रीडिंग लिहिलं आणि ते वक्रावर बसलं नाही, तर सर ते खोडायला लावतात. चार वर्षं आपण त्याला काय शिकवतो? मीटर आणि पुस्तक यांच्यात भांडण झालं तर पुस्तकाची बाजू घ्यायची. यालाच पाया म्हणायचं असेल तर तो जितका पक्का तितकं वर बांधणं अवघड. उत्तर आधीपासून माहीत असलं की मोजण्याची गरजच राहत नाही, आणि मोजण्याची गरज नसली तर ओहमचा नियम पाठ असला काय आणि नसला काय!

याउलट एक अनुभव सांगतो. दोन मुली आणि एक मुलगा, तिसऱ्या वर्षाचे. कॉलेजच्या छतावर पडून असलेली दोन सारखी पॅनल त्यांनी शेजारी शेजारी एकाच कोनात मांडली. एक रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायचं, दुसरं धुळीत ठेवायचं, आणि रोज दुपारी बाराला दोन्हींचं रीडिंग घ्यायचं. प्रश्न साधा होता: बडोद्याच्या उन्हाळ्यात धूळ किती वीज खाते? तीन आठवड्यांनी ते आनंदात आले. पुसलेलं पॅनल चार टक्के जास्त देत होतं. मी विचारलं, पुसायला लागायच्या आधी दोन्ही किती देत होती? तिघं एकमेकांकडे बघायला लागले. ते मोजलंच नव्हतं. दोन्ही पॅनल स्वच्छ धुऊन मोजली तेव्हा कळलं की ‘स्वच्छ’ गटातलं पॅनल मुळातच तीन टक्के सरस होतं. म्हणजे धुळीच्या खात्यात उरला जेमतेम एक टक्का, आणि त्यांच्या मीटरची चूक त्याहून मोठी. तीन आठवडे पाण्यात! मोठी मुलगी रडवेली झाली होती. पण त्या दुपारी तिघांना जे कळलं ते कुठल्या धड्यात शिकवून कळतं? एकाच कंपनीची, एकाच छापाची दोन पॅनल सारखी नसतात. मीटरवरच्या आकड्याला स्वतःची एक शंका चिकटलेली असते. आणि तुलना करायची तर सुरुवातीची रेघ आधी आखावी लागते. पुढच्या आठवड्यात मुलं स्वतःहून मागायला लागली, पॅनलच्या पाठीला चिकटवायला तापमान मोजायचं काहीतरी द्या, कारण दुपारी बाराचं ऊन रोज सारखं नसतं हेही त्यांना मोजता मोजताच उमगलं होतं. उन्हाची तीव्रता मोजायचं महागडं यंत्र नव्हतं. मग त्यांनी एका छोट्या पॅनलच्या शॉर्ट सर्किट करंटवर, म्हणजे दोन्ही टोकं थेट जोडल्यावर वाहणाऱ्या करंटवर, काम भागवलं, कारण तो करंट उन्हाच्या जवळजवळ प्रमाणात वाढतो. हे पुस्तकात होतंच. गरज पडली तेव्हा सापडलं. पाया आणि प्रयोग यांचा क्रम मला हा असा दिसतो.

याच ओघात एक हिशेब. पॅनलच्या पाठीवर ५४० वॅट लिहिलेलं असतं. तो आकडा प्रत्येक चौरस मीटरवर १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश धरून काढलेला. मे महिन्यात बडोद्याच्या गच्चीवर सेल सहज ६५ अंशांपर्यंत तापतो. सिलिकॉनच्या पॅनलची शक्ती दर अंशाला सुमारे ०.३५ टक्क्यांनी उतरते, म्हणजे ४० अंशांना १४ टक्के. ऊन पुरेपूर असूनही ५४० चे ४६४ झाले. ‘आपल्याकडे ऊन रणरणतं म्हणजे सौर वीज भरपूर’ हे वाक्य निबंधात लिहून मार्क मिळवलेल्या मुलाला हा आकडा स्वतःच्या मीटरवर दिसला पाहिजे. वाचलेलं तो परीक्षेपर्यंत लक्षात ठेवील, मोजलेलं त्याच्या हाडात मुरेल.

आता विषयाकडे बघा. संशोधनाला लायक प्रश्न पदवीच्या मुलाला मिळणार कुठून, असं विचारणाऱ्यांना मी आमच्या काकूंचं उदाहरण देतो. त्यांच्या गच्चीवर तीन किलोवॅटची सिस्टिम बसली. पहिल्यांदा भर दुपारी लाईट गेली तेव्हा त्यांनी मला फोन केला: ‘अरे, वर वीज तयार होतेय ना? मग खाली पंखा का बंद?’ उत्तर सोपं आहे. ग्रिड, म्हणजे बाहेरचं विजेचं जाळं, गेलं की पॅनलची वीज त्या जाळ्याला जोडणारा इन्व्हर्टर स्वतःला बंद करतोच, नाहीतर मेलेली समजून तारेला हात लावणाऱ्या लाईनमनचा जीव जाईल. पण काकूंचा पुढचा प्रश्न सोपा नव्हता. लाईट असतानाही कधी कधी दुपारी सिस्टिम आपोआप बंद का पडते? याचं संभाव्य उत्तर असं, की एकाच टीसीवर (गल्लीतला ट्रान्स्फॉर्मर, महाराष्ट्रात डीपी म्हणतात तीच) बऱ्याच घरांची सौर वीज चढली आणि दुपारी वापर कमी असला, तर तारेतला व्होल्टेज वर सरकतो. २३० चा २५३ च्या पुढे गेला की इन्व्हर्टर अंग काढून घेतो. काकूंच्या गल्लीत हेच घडतं का? ठामपणे कुणी सांगू शकत नाही, कारण त्या तारेवर दुपारी कुणी काही मोजतच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांवर सौर छपराची योजना आली. तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे आणि गुजरात त्यात पहिल्या रांगेत. देशाची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पलीकडे गेली. पण गल्लीच्या शेवटच्या खांबावर मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता व्होल्टेज किती असतो, या प्रश्नाला विजेच्या बिलावरचा एक मासिक आकडा उत्तर देऊ शकत नाही. दहा मुलं, दहा खांब, एक महिना: त्याला डॉक्टरेट लागत नाही, चिकाटी लागते.

त्या बैठकीत एकानं अमेरिकेतल्या एमआयटीचा दाखला दिला. तिथे १९६९ पासून पदवीच्या मुलांना संशोधनात घेतात, आपण का नाही? दाखला बरोबर, वापर चुकीचा. तिथे मुलाला आधी एखाद्या प्राध्यापकाच्या चालू कामात प्रयोगशाळेतल्या बाकावरची जागा मिळते, विषयाची यादी आणि छापायची तारीख नव्हे. आपण तिथलं नाव उचललं आणि बाक तिथेच ठेवला. दुसरा दाखला माझा, आणि तो थोडा स्वतःवरच उलटणारा. प्रकाश पडला की विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे १८३९ मध्ये फ्रान्समध्ये पहिल्यांदा दाखवलं एदमोँ बेकरेलनं. त्याचं वय तेव्हा एकोणीस. आजच्या सगळ्या सौर पॅनलांच्या मुळाशी एका दुसऱ्या वर्षाला शोभेल अशा पोराचा प्रयोग आहे! पण प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं: प्रयोगशाळा त्याच्या बापाची होती, आणि बाप नामवंत भौतिकशास्त्रज्ञ. आपल्या मुलांचे बाप रिक्षा चालवतात, दुकानात हिशेब लिहितात, शाळेत शिकवतात. त्यांना प्रयोगशाळा वारशानं मिळणार नाही. ती कॉलेजनंच द्यायची, आणि मला वाटतं सरकारी अनुदानाचं सगळ्यात चांगलं समर्थन हेच आहे.

आणि ‘आपल्याकडे साधनं नाहीत’ हे गाऱ्हाणं? कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांच्याकडे धड प्रयोगशाळा नव्हती. पत्र्याची कामं करणाऱ्या एका कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणं घडवली, आणि १९०४ मध्ये गॅलेना डिटेक्टरचं, म्हणजे रेडिओलहरी टिपणाऱ्या स्फटिकाचं, अमेरिकन पेटंट त्यांच्या नावावर झालं. इतक्या लांब कशाला, आपलं बडोदंच घ्या. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं ते त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिलं. रंगाई, यंत्रकाम, विणकाम असे विषय, आणि शिकवणं मुलांच्या भाषेत. हे गज्जर पुस्तकी रसायनवाले नव्हते. चापेकर बंधूंनी मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासलं, ते भल्याभल्यांना काढता येईना तेव्हा संगमरवराला धक्का न लावता काढून दाखवलं ते यांनीच. (डांबर फासणारे आपले आणि काढणारेही बडोद्याचे, यावर आमच्या आजोबांचा एक ठरलेला विनोद होता, तो इथे नको.) पुढे १९०७ मध्ये गज्जर, त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी मिळून अ‍ॅलेंबिक ही औषध कंपनी उभी केली. गुरू आणि शिष्य एकाच भट्टीपाशी उभे राहिले तर काय होतं, याचा पुरावा या शहराला बाहेरून आणावा लागत नाही. त्याच कलाभवनाच्या वास्तूत आज विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे.

विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा मात्र साधनांचा नाही, पोटाचा आहे. त्या आजोबांनी शांतपणे विचारलं, ‘कर्ज काढून शिकवतोय. पोरगी छतावर धूळ मोजत बसली तर नोकरी कोण देणार?’ याला टाळीचं उत्तर माझ्याकडे नाही. इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन निम्मी मुलं सॉफ्टवेअरकडे वळतात आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. छतावरच्या वहीनं नोकरी मिळेल अशी हमी मी देणार नाही. मी एवढंच सांगू शकतो की टेस्टिंगला मुलं निवडताना मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचो: ट्रान्स्फॉर्मरचा लॉस (वाया जाणारी वीज) अपेक्षेपेक्षा वीस टक्के कमी आला, काय कराल? बहुतेक म्हणायचे, चांगलंच आहे की सर, पास करू. काही म्हणायचे, पुन्हा मोजू. क्वचित एखादा म्हणायचा, आधी मीटर बदलून बघतो, मग जोडणी, मग व्होल्टेज पूर्ण दिलाय का ते. त्या तिसऱ्या मुलाला मी मार्कशीट न बघता घ्यायचो, आणि तो जवळजवळ नेहमी असा असायचा की ज्यानं कुठेतरी स्वतः काहीतरी बिघडवून पाहिलेलं असतं. सॉफ्टवेअरवाल्यांनाही असाच मुलगा लागतो, असं माझा भाचा सांगतो.

धोक्याचा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो आणि तिथे वाद घालत नाही. एसीचा, म्हणजे घरात येणाऱ्या विजेचा, ठिणगीचा आर्क सेकंदाला शंभरदा शून्यातून जातो म्हणून विझायला संधी असते. डीसीला, म्हणजे पॅनलमधून येणाऱ्या विजेला, ती सोय नाही. आणि पॅनलला बंद करायचं बटण नसतं, ऊन आहे तोवर ते जिवंतच. वीस पॅनलांच्या साखळीला दुसऱ्या वर्षाच्या मुलानं हात लावू नये, शिक्षक सोबत असले तरी. एका सुट्या पॅनलचा व्होल्टेज पन्नासच्या आसपास असतो, तेवढ्यावर आणि तेही हातमोजे घालून भागवावं. गल्लीतल्या खांबांचं मोजमापही खांबावर चढून करायचं नाही, त्या खांबाच्या घरातल्या प्लगवर करायचं.

ज्यांना हे सगळं फार किरकोळ वाटतं त्यांच्यासाठी ३० आणि ३१ जुलै २०१२ ची आठवण. उत्तर भारताचं ग्रिड आधी एकदा, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतासह पुन्हा कोसळलं. साठ कोटींहून जास्त लोक अंधारात गेले. आपला पश्चिम विभाग थोडक्यात बचावला. घसरणीची सुरुवात झाली ती ४०० केव्हीच्या (चार लाख व्होल्टच्या) बीना-ग्वाल्हेर लाईनपासून. लाईनवर फॉल्ट, म्हणजे बिघाड, नव्हता. भार प्रचंड आणि व्होल्टेज उतरलेला. बिघाड दिसला की लाईन तोडायला बसवलेला रिले व्होल्टेजला करंटनं भागतो, उत्तर ठरलेल्या मर्यादेच्या आत आलं की फॉल्ट समजतो. त्यानं तेच केलं, लाईन तोडली. रिले बिघडला नव्हता. त्याला शिकवलेलं उत्तर त्यानं चोख दिलं. समोर जे आहे ते नेहमीच्या साच्यातलं नाही, ही शंका त्याला येणं शक्य नव्हतं. आपण वहीतली रीडिंग खोडायला लावून जी मुलं तयार करतो त्यांची मला त्या रिलेसारखी भीती वाटते. ग्रिडमध्ये दुपारी सौर वीज ओतली जातेय आणि संध्याकाळी ती एकदम गायब होतेय, अशा काळात कंट्रोल रूममध्ये हीच मुलं बसणार आहेत.

मग करायचं काय? शोधनिबंधाची अट आधी काढा. पैसे घेऊन काहीही छापणारी संशोधनाची नियतकालिकं त्या अटीवरच पोसली जातात. मार्क द्यायचे ते वहीला: तारीख, वेळ, हवा, मीटर कोणता, काय चुकलं. ‘फरक सापडला नाही’ या निष्कर्षाला ‘सापडला’ इतकेच मार्क. एका शिक्षकाकडे साठ मुलं असतील तर हे होणार नाही, हे खरं. म्हणून सुरुवातीलाच सगळ्यांना सक्ती नको. ज्यांना हवं त्यांच्यापासून सुरू करा, पण ‘हुशार’ मुलं निवडून नव्हे. आणि या शहराकडे मदतीला काय नाही? १९७४ पासून मकरपुऱ्यात विद्युत उपकरणं तपासणारी एर्डासारखी संस्था आहे. राज्याच्या वीज कंपन्यांची मुख्य कचेरी इथल्याच रेसकोर्स भागात आहे. शहराजवळ नर्मदेच्या कालव्यावर १० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. पाण्यामुळे पॅनल थंड राहतात असं त्याच्याबद्दल सगळे सांगतात. किती थंड, कोणत्या महिन्यात, वारा कुठून असताना? तिथे चार मुलांना तापमापक घेऊन आठवड्यातून एकदा उभं राहू द्या.

त्या तीन मुलांचं काय झालं ते राहिलंच. त्यांनी पॅनलांची अदलाबदल केली, म्हणजे मुळात सरस असलेलं धुळीत आणि दुसरं फडक्याखाली, आणि मेअखेरपर्यंत रोज रीडिंग घेतली. परीक्षा संपल्यावरही एक जण आळीपाळीनं यायचा. पहिल्या पावसानं धूळ किती धुतली जाते, हे त्यांना पाहायचं होतं; सगळा उन्हाळा त्याच एका आकड्यासाठी चालला होता म्हणा ना. पाऊस जूनमध्ये एका रात्री पडला. सकाळी तिघंही आले. पण छताच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे असायची ते शिपाई सुटीवर गावाला गेले होते. ते परत आले तोवर चार दिवस झाले होते, आणि पॅनलांवर पुन्हा धूळ बसली होती.